सिव्हिलला जाण्यापूर्वी : कोकणातील सरकारी रुग्णालयाचा नीट उपयोग कसा करून घ्यावा

आमच्या वाडीतून रुग्णालयात जायचे म्हणजे आधी साकव ओलांडून डांबरी रस्त्यावर यायचे, तिथे पहिल्या एसटीची वाट पाहायची आणि मग तालुक्याला गाडी बदलायची. पावसाळ्यात साकवाला पाणी लागले की हाच प्रवास दुपटीने लांबतो. गेली बरीच वर्षे मी शेजारपाजारच्या रुग्णांबरोबर सोबती म्हणून जात आलो आहे. एवढ्या लांबून आलेल्या माणसाचा अर्धा दिवस चुकीच्या खिडकीसमोर, चुकीच्या वारी किंवा एका विसरलेल्या कागदापायी वाया जाताना मी पुष्कळदा पाहिले आहे. हा लेख त्यासाठीच लिहीत आहे. कोणत्या दुखण्यासाठी कोणत्या पायरीवर जावे, सोबत काय न्यावे आणि निघताना काय मागून घ्यावे, हे आधी ठाऊक असले तर सरकारी रुग्णालयातून खूप काही मिळते.

सिव्हिल म्हणजे काय आणि ते असे का आहे

जिल्हा रुग्णालयाला आपण अजूनही ‘सिव्हिल’ म्हणतो. हे नाव इंग्रजी अमदानीतील सिव्हिल सर्जन या पदावरून आले. त्या पदाला आज जिल्हा शल्य चिकित्सक म्हणतात. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करणाऱ्या भोर समितीने आपला अहवाल दिला. गावाजवळ प्राथमिक केंद्र, त्यावर मोठे रुग्णालय आणि सर्वांत वर जिल्ह्याचे रुग्णालय, अशा पायऱ्यांची कल्पना त्यात होती. पुढे १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे त्यांच्याकडे गेली, तर ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये राज्य शासनाच्या आरोग्य विभागाकडे राहिली. ही वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आरोग्य केंद्राविषयीची तक्रार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जाते आणि ग्रामीण रुग्णालयाविषयीची जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. अनेक अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात, त्याचे कारण हेच आहे.

कोकणाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत मंडणगडपासून थेट सावंतवाडीपर्यंत एकच रत्नागिरी जिल्हा होता आणि वेंगुर्ल्याच्या माणसालाही जिल्ह्याचे ठिकाण रत्नागिरी हेच होते. विभाजनानंतर ओरोस येथे सिंधुदुर्गनगरी वसली आणि तिथे जिल्हा रुग्णालय आले. उत्तरेला रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. अलीकडे या रुग्णालयांचे रूप पुन्हा बदलले आहे. सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे २०२१ साली, तर रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालये त्यांच्याशी जोडली गेली. त्यामुळे आता तिथे शिकाऊ डॉक्टर आणि प्राध्यापक दोन्ही दिसतात, आणि काही बाबतींत अधिकार अधिष्ठात्यांकडे, म्हणजे महाविद्यालयाच्या प्रमुखांकडे, असतात. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. राज्यात अशी शासकीय मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी आहेत. मानसिक आजाराच्या रुग्णाला देवऋषाकडे फिरवण्यात वर्षे घालवणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

कोणत्या पायरीवर जावे

डोंगरी आणि आदिवासी भागात साधारण २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र असे प्रमाण ठरलेले आहे. ताप, जुलाब, लसीकरण, गरोदरपणातील तपासणी, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या यांसाठी हीच दारे योग्य आहेत. आशाताईंना विचारले तर कोणत्या वारी काय असते हे त्या सांगतात. ग्रामीण रुग्णालय बहुधा ३० खाटांचे असते. तिथे प्रसूती, एक्स-रे, साधी शस्त्रक्रिया आणि भरती करून घेण्याची सोय असते. त्याच्या वर उपजिल्हा रुग्णालय येते. दापोली, चिपळूणजवळचे कामथे, खेडजवळचे कळंबणी, कणकवली आणि सावंतवाडी ही त्यांतील काही. तज्ज्ञ डॉक्टर, रक्त, अतिदक्षता विभाग आणि नवजात बालकांचा कक्ष हवा असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते.

वरच्या पायरीवर थेट जाण्याने वेळ वाचतो असा आपला समज असतो. थंडी-तापाच्या रुग्णाच्या बाबतीत तो खोटा ठरतो, कारण सिव्हिलच्या रांगेत दुपार होते आणि गोळ्या त्याच मिळतात. मात्र छातीत दुखणे, अर्धांगवायूची लक्षणे, मोठा अपघात किंवा अडलेली प्रसूती असेल तर १०८ ला फोन करताना रुग्णाची अवस्था स्पष्ट सांगावी आणि कुठे न्यायचे हे गाडीतील डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे आणि ती मोफत आहे. गरोदर माता आणि तान्ह्या बाळासाठी १०२ आहे. फोनवर गावाचे नाव सांगून थांबू नये, कारण एकाच नावाच्या वाड्या तालुक्यात तीन-तीन असतात. वाडीच्या तोंडावरचे देऊळ, शाळा किंवा एसटीचा थांबा सांगावा आणि एका माणसाला टॉर्च घेऊन रस्त्यावर उभे करावे. गाडी वाडीत पोहोचत नसेल तर रुग्णाला डोलीतून रस्त्यापर्यंत आणण्याची तयारी फोन ठेवल्याबरोबर सुरू करावी.

कोकणातील नेहमीचे प्रसंग

सर्पदंश हा आपल्याकडचा सर्वांत घाईचा प्रसंग आहे आणि त्यातच सर्वाधिक चुका होतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप कोकणात आहेत. दंशाच्या जागी ब्लेडने कापू नये, चोखू नये, वर करकचून दोरी बांधू नये. रुग्णाला चालवू नये. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या, बांगड्या आणि जोडवी काढून टाकावीत, आणि दंशाची वेळ घड्याळात पाहून कागदावर लिहावी. मांत्रिकाकडे गेलेला एक तासही महागात पडतो. प्रतिविष जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात उपलब्ध आहे का, हे निघतानाच फोन करून विचारावे आणि असेल तर आधी तिथे पहिली मात्रा घ्यावी.

रुग्णालयात जे घडते ते मी एकदा जवळून पाहिले. फुरसे चावलेल्या मुलाचे थोडे रक्त सिस्टरांनी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतले आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटे तिला कोणी हात लावला नाही. मग डॉक्टरांनी ती हळूच तिरपी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. ते गोठलेच नव्हते. घोणस आणि फुरशाचे विष रक्त गोठू देत नाही, आणि प्रतिविषाची गरज ठरवायला ही साधी चाचणी पुरते. ती वीस मिनिटे नातेवाइकांना ‘डॉक्टर काहीच करत नाहीत’ अशी वाटतात. त्या वेळी आरडाओरडा करू नये. मण्यारीचा प्रकार वेगळा आहे. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दाताची खूण जेमतेम दिसते आणि सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखून जाग आली आणि पापण्या जड होऊन मिटू लागल्या तर दंश आठवत नसला तरी तसे डॉक्टरांना सांगावे, कारण पुढची पायरी श्वास थांबण्याची असते. साप मारून पिशवीतून नेण्याची गरज नाही; लांबून काढलेला फोटो पुरे.

विंचवाच्या बाबतीत कोकणाला स्वतःचा इतिहास आहे. महाडजवळच्या बिरवाडी येथील आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण जवळून अभ्यासले आणि प्राझोसिन या साध्या गोळीने हृदयावरचा घातक परिणाम आवरता येतो, हे दाखवून दिले. १९८६ साली त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जगभर वापरला जाणारा हा उपचार आपल्या भागातील एका लहानशा सरकारी केंद्रातून निघाला, याचा मला फार अभिमान वाटतो. दंशानंतर अंगाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले किंवा उलट्या होऊ लागल्या तर घरी थांबू नये.

लावणीच्या दिवसांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर ‘मी आठ दिवस चिखलात होतो’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, विचार त्या एका वाक्याने लवकर होतो. हा आजार उंदीर आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायांवरच्या भेगांतून शरीरात शिरतो, आणि लवकर औषध मिळाले तर तो आवरतो. दोडामार्ग, सावंतवाडी भागातील काजू बागायतदारांनी ताप आल्यास रानात गोचीड चावल्याचे सांगावे, कारण २०१६ पासून त्या पट्ट्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत.

आंब्याच्या कलमावरून किंवा माडावरून पडलेल्या माणसाला दोघांनी काखेत आणि पायांना धरून उचलणे ही आपली सवय आहे, आणि ती घातक आहे. पाठीचा कणा दुखावला असेल तर अशा उचलण्याने माणूस कायमचा अधू होतो. दार किंवा रुंद फळी आणावी, मान आणि कंबर एका रेषेत ठेवून चार जणांनी त्याला एकदम फळीवर सरकवावे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली कांबळी लावावी.

कुत्रा चावल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती बहुधा त्वचेत देतात; पहिल्या लसीचा दिवस शून्य धरून पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. शेवटची लस चुकवणारे पुष्कळ असतात.

ओपीडीचा दिवस

बाह्यरुग्ण विभाग, म्हणजे ओपीडी, साधारणपणे सकाळी साडेआठच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी साडेबारापर्यंत चालतो. केसपेपरची खिडकी त्याआधी बंद होऊ शकते. रविवारी ओपीडी नसते, अपघात विभाग मात्र रात्रंदिवस उघडा असतो. डोळे, हाडे, कान-नाक-घसा, मानसोपचार यांचे तज्ज्ञ प्रत्येक रुग्णालयात रोज बसतातच असे नाही. सोनोग्राफीचेही वार ठरलेले असतात. त्यामुळे लांबून येणाऱ्याने आदल्या दिवशी फोन करावा, किंवा आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून वार विचारून घ्यावा.

पहिल्या गाडीने निघून आठच्या सुमारास पोहोचलात तर केसपेपर, डॉक्टर, रक्ततपासणी आणि औषधे ही चारही कामे दुपारच्या आत होतात. रक्ताचे नमुने दिल्यावर अहवाल कधी आणि कोणत्या खिडकीवर मिळेल, हे तिथेच विचारून कागदावर लिहून घ्यावे. अहवाल मिळाल्यावर तो पुन्हा डॉक्टरांना दाखवायचा असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ते अहवाल घेऊन थेट घरी येतात आणि मग गावातील औषधाच्या दुकानदाराला दाखवतात.

सोबत एक पिशवी न्यावी. त्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने केसपेपर आणि चालू असलेली सर्व औषधे त्यांच्या पाकिटांसकट असावीत. ‘एक पांढरी गोळी सकाळी, एक गुलाबी रात्री’ यावरून डॉक्टरांना काहीही कळत नाही. पाकिटावरचे नाव लागते. पावसाळ्यात कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत, कारण भिजलेल्या केसपेपरवरची शाई पसरली की मागची सारी नोंद गेली. गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीपूर्वी कायद्याप्रमाणे एक अर्ज भरून घेतात, म्हणून तिचे ओळखपत्र हवेच. आंबा बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कामगाराला न्यायचे असेल तर त्याच्याकडे जो काही ओळखीचा कागद असेल तो घ्यावा. तातडीच्या वेळी कागद नाही म्हणून थांबू नये. जखमी माणसावर आधी उपचार आणि नंतर पोलिसी सोपस्कार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच दिला आहे.

पैशांविषयी

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता, त्यामुळे महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात शुल्क आहे की नाही हे खिडकीवर विचारावे आणि जे भराल त्याची पावती घ्यावी. पावतीशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत.

प्रसूतीच्या बाबतीत हक्क अधिक स्पष्ट आहेत. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयातील साधी प्रसूती आणि सिझेरियन, दोन्ही मोफत आहेत. औषधे, तपासण्या, रक्त, रुग्णालयातील जेवण, घरापासून रुग्णालयापर्यंत आणि परत घरापर्यंतची गाडी हे सर्व त्यात येते. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली तर ती नम्रपणे परत दाखवून ‘हे कार्यक्रमातून मिळेल का’ असे विचारावे. बहुतेक वेळा सिस्टर भांडारातून ते काढून देतात.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिचे मूळ असलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्यांत कोकणातील रायगड होता. आता ती आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली असून १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशन कार्डासह सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यातून मिळू शकतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल असते. शस्त्रक्रिया ठरल्याबरोबर, भरती होण्याआधीच त्याच्याकडे जावे, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. झालेल्या खर्चाची बिले मागाहून देऊन पैसे परत मिळतील, हा समज चुकीचा आहे. तातडीच्या रुग्णासाठी मात्र फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. रेशन कार्डावरील आणि आधारवरील नाव जुळत नाही म्हणून अडलेली माणसे मी पाहिली आहेत. ही दुरुस्ती आजारपण येण्याआधी, तहसील कार्यालयात शांतपणे करून घ्यावी.

भरती, रेफर आणि घरी परतणे

भरती झाल्यावर सोबत एकच माणूस राहावा, आणि स्त्रियांच्या वॉर्डात स्त्रीच असावी. चादर, तांब्या-पेला, टॉवेल आणि मोबाईलचा चार्जर न्यावा. मुख्य डॉक्टरांचा राउंड सकाळी असतो. त्या वेळी सोबतीने चहाला जाऊ नये, कारण सर्व प्रश्न विचारण्याची तीच वेळ असते. प्रश्न आदल्या रात्री लिहून ठेवावेत. वॉर्डातील मावशी आणि मामांशी आदराने बोलावे. स्ट्रेचर, बेडपॅन, रात्री दोनला लागलेली मदत हे सारे त्यांच्याच हातून होते.

आता रेफर करण्याविषयी, म्हणजे रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठवण्याविषयी. दक्षिण सिंधुदुर्गातील रुग्ण बहुधा गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, रत्नागिरीतील कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा मुंबईला, रायगडातील मुंबईला. काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकींना छातीत दुखू लागल्यावर आम्ही एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रात्री हलवले. घाईत त्यांचा ईसीजी आणि दिलेल्या इंजेक्शनांची नोंद पहिल्या ठिकाणच्या टेबलावरच राहिली. घाट उतरून पोहोचलो तेव्हा नव्या डॉक्टरांनी विचारले, ‘रक्त पातळ करण्याचे औषध दिले आहे का?’ आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नाही. फोन लागेपर्यंत, माणूस सापडेपर्यंत, सगळ्या तपासण्या पुन्हा होईपर्यंत दोन तास गेले. काकी वाचल्या, पण त्या दोन तासांची भीती मी विसरलेलो नाही. म्हणून गाडीत बसण्यापूर्वी रेफरची चिठ्ठी हातात घ्यावी. तिच्यावर निदान, दिलेली औषधे आणि त्यांची वेळ लिहिलेली आहे का ते पाहावे, एक्स-रे आणि ईसीजी मागून घ्यावेत, आणि पुढच्या रुग्णालयात खाट आहे का हे इथल्याच डॉक्टरांनी फोन करून विचारावे अशी विनंती करावी. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेण्यासाठीही १०८ मिळते.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड सिस्टरांकडून वाचून समजून घ्यावे. कोणती गोळी किती दिवस, टाके कधी काढायचे, पुन्हा कधी यायचे आणि कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे, या चार गोष्टी कळल्याशिवाय वॉर्ड सोडू नये. बाळ जन्मले असेल तर आईवडिलांच्या नावांचे स्पेलिंग नोंदवहीत तपासावे. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि तेव्हा राहिलेली चूक मूल शाळेत जाताना डोकेदुखी होते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करून मगच रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाच्या ठरलेल्या वारी जावे.

तक्रार असेल तर प्रथम वॉर्डातील इन्चार्ज सिस्टर, मग अधिसेविका किंवा निवासी वैद्यकीय अधिकारी यांना भेटावे. तेवढ्याने न सुटल्यास केसपेपरचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. उपचारांच्या नोंदींची प्रत मागण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि डॉक्टरांसाठीच्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांत मिळायला हवी.

सर्व कागद तारखेप्रमाणे एका फाईलला लावावेत, फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी आणि ती पिशवी माजघरात अशा जागी टांगावी की रात्री वीज गेली असतानाही घरातील लहान मुलाला ती हाताने चाचपून काढता येईल. रुग्णाचा रक्तगट, चालू औषधे आणि न मानवणारे औषध पिशवीवरच मोठ्या अक्षरांत लिहावे.